लेकीनं दाखवलेलं बेट

रविवार, ५ ऑगस्ट २०१८. लातूर

सकाळपासून तिसऱ्यांदा बॅग उपसली. शरणम्मा म्हणाली, आता पुन्हा हात लावलात तर कुलूप घालून किल्ली माझ्याजवळ ठेवीन. म्हणून बॅग सोडून ही वही घेऊन बसलोय.

परवा विमान आहे. मुंबईहून लंडन, तिथून त्रिनिदाद. बावीस वर्षं लातुरात मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवतोय, पण मुंबईच्या पलीकडं कधी गेलो नाही. लेक राजकन्या, आमची राजी, त्रिनिदादला मेडिकलला आहे, आता तिसऱ्या वर्षाला. दोन वर्षांत एकदाही घरी आली नाही. कधी परीक्षा, कधी प्रॅक्टिकल. फोनवर मात्र हसून बोलते. गेल्या वर्षीपासून घरून पैसेही मागवत नाही. शिष्यवृत्ती मिळाली म्हणाली. दोनदा रिपीट करून नीटची परीक्षा न निघालेली पोर परदेशात शिष्यवृत्ती मिळवते, हे मी क्लासच्या पोरांना दर बॅचला सांगतो.

जाण्याचं कारणही लिहून ठेवतो. तेरा जुलैला रिपीटर बॅचला रक्ताभिसरण शिकवत होतो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं वहीवरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि माझं पुढचं वाक्यच गेलं. समोर अडीचशे पोरं. मला वाटलं दोन मिनिटं गेली असतील. मुलं म्हणतात, सीबी सर (म्हणजे मी, चन्नबसप्पा) दहा मिनिटं खडू धरून उभे होते. डॉक्टरांनी बीपी, शुगर, मेंदूचा फोटो, सगळं पाहिलं. काही निघालं नाही. संचालकांनी गोड शब्दांत महिनाभर विश्रांती घ्यायला सांगितली. चन्नबसप्पा सरांनी विश्रांती घ्यायची म्हणजे करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही.

तिकिटाचं शरणम्माच्याच डोक्यातून निघालं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, तिला ऑगस्टात रजा नाही. म्हणाली, "जाऊन पोरीला डोळ्यानं बघून या. काही विचारू नका. नुसतं बघा." विचारू नका म्हणजे काय, कळलं नाही. बाप पोरीला अभ्यासाचं विचारणार नाही तर काय विचारणार?

गुरुवार, ९ ऑगस्ट. शगवानास, त्रिनिदाद

पोचलो. पोरगी विमानतळावर आली होती. अंगानं भरलीय, पण उन्हानं चांगलीच करपलीय. मेडिकलची पोरं दिवसभर आत असतात. म्हटलं, ग्राउंडवर खेळतेस का काय? हसली. बॅग माझ्या हातातून घेतली.

ती एका म्हाताऱ्या बाईंकडं राहते. सगळे त्यांना आजी म्हणतात. इथं वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, शब्द आपलाच. त्यांचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी बिहारकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले. आजींना हिंदी म्हणून चार गाणी आणि भाज्यांची नावं येतात. बाकी सगळं इंग्रजी, तेही असं की पहिलं वाक्य कळेपर्यंत तिसरं आलेलं असतं.

घर खांबांवर उभं आहे. वर खोल्या, खाली मोकळी जागा, तिथंच आजींचं रोटीचं दुकान. मला असली घरं पसंत नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपापासून कुठल्याही घरात गेलो की मी आधी दार कुठं आहे ते बघतो. इथं दारापासून जिन्याच्या अकरा पायऱ्या आहेत.

सकाळी सहालाच राजीनं रस्त्यावर नेलं. इथल्या लोकांचा नाष्टा म्हणजे डबल्स. दोन मऊ, पिवळसर वडे, म्हणजे पुरीसारखेच, त्यांना 'बारा' म्हणतात. त्यावर छोल्यांची पातळ भाजी, काकडी, चिंचेची चटणी आणि एक मिरचीचा ठेचा की डोळ्यांतून पाणी काढतो. सगळं कागदात. उभ्यानंच खायचं. आमच्या गंजगोलाईच्या बाजारात हा गाडा लागला तर दुपारपर्यंत पोलीस बोलवावे लागतील. मी चार खाल्ले.

गाडेवाला पोरीला प्रिन्सेस म्हणतो. नावाचं भाषांतर तिनंच करून दिलेलं दिसतं. शेजारून जाणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरनंही तीच हाक मारली. भाजीवालीनंही मारली. होणाऱ्या डॉक्टरला माणसं आधीच मान देतात, चांगलं आहे.

शनिवार, ११ ऑगस्ट

आज समुद्रातलं देऊळ पाहिलं. किनाऱ्यापासून एक फरसबंद वाट पाण्यात जाते, टोकाला पांढरं देऊळ. उसाच्या मळ्यातल्या एका मजुरानं बांधलं. आधी त्यानं किनाऱ्यावर बांधलं होतं. जमीन साखर कंपनीची निघाली. कंपनीनं देऊळ पाडलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही. मग सायकलवरून दगड, सिमेंट नेऊन पाण्यात भर घालत गेला. पंचवीस वर्षं. लोक त्याला वेडा म्हणायचे.

राजी हे मला इंग्रजीतून सांगायला लागली. मी म्हटलं, मराठीत सांग की. तोवर तिच्याभोवती कॅनडाची पाचसहा माणसं जमली होती आणि ती त्यांच्याकडं वळून बोलत होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे तिला नीट कळतं. तुरुंगाच्या ठिकाणी थांबली तेव्हा एका बाईनं डोळे पुसले. देवळाच्या रखवालदारानं मला न मागता खुर्ची आणून दिली. मग तिच्याशी काहीतरी वेळापत्रकाचं बोलला.

ही असं सांगू शकते हे मला माहीतच नव्हतं. माझ्यावर गेलीय म्हणावं तर मी वर्गात ओरडून शिकवतो.

सोमवार, १३ ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. उपास धरला. आजींनाही श्रावण माहीत आहे. त्यांनी रताळं उकडून दिलं.

रिकामपण सोसत नाही. दुपारी राजीला म्हटलं, चल, मेंदूपासून निघणाऱ्या नसा क्रमानं सांग बघू. ती म्हणाली, अप्पा, सुट्टीत नको ना. मग मीच सांगितल्या. बाराच्या बारा. तिनं कौतुकानं ऐकलं. तिच्या खोलीत पुस्तकं खूप आहेत, पण एकही हाड नाही. आमच्या लातूरच्या होस्टेलला मेडिकलची पोरं उशाशी कवटी घेऊन झोपायची. हल्ली सगळं संगणकावर असतं म्हणे.

बुधवार, १५ ऑगस्ट

एका छोट्या संग्रहालयात गेलो. तिकीट मागितलं नाही, राजीला बघून दार उघडलं. आत जुने पाटे, घंगाळं, चांदीच्या वाक्या, एक बैलगाडी. बिहारमधून जहाजानं येताना लोकांनी काय काय आणलं ते. आणि नोंदवह्यांच्या प्रती. त्यात नाव, बापाचं नाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. एकाच्या खुणेत लिहिलंय, डाव्या गालावर देवीचे व्रण.

राजी म्हणाली, त्या लोकांना भरती करणारे दलाल सांगायचे की बेटाचं नाव चिनीदाद, म्हणजे चिनीचं, साखरेचं बेट आहे, तिथं नुसती साखर चाळायची. खूप लोक त्या शब्दावर चढले. तीन महिने समुद्रात काढल्यावर कळलं की साखर चाळायची नाही, ऊस तोडायचाय. मी म्हटलं, परत का नाही गेले? ती म्हणाली, काही गेले. बऱ्याच जणांना घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती.

हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

घरी तिची एक जाड वही टेबलावर होती. उघडली. वाटलं शरीररचनेच्या आकृत्या असतील. पानोपानी म्हाताऱ्या बायांची नावं, त्यांची लग्नाची गाणी, आमटी घोटायच्या रवीला कोण काय म्हणतं, दालपुरीत डाळ कशी भरतात. मनात जे आलं ते लिहीत नाही. प्रत्येकाला एखादा छंद असावा.

गुरुवार, १६ ऑगस्ट

राजीला म्हटलं, उद्या कॉलेज दाखव. ती म्हणाली, परीक्षा चालू आहेत, बाहेरच्यांना सोडत नाहीत. सोमवारी तर सुट्टी आहे म्हणाली होती.

संध्याकाळी तिची मैत्रीण अलीझा जेवायला आली. नायगावची पोर, इथंच मेडिकलला, दोघी लातूरला एकाच बॅचला होत्या. माझीच विद्यार्थिनी. पाया पडली. वॉर्डातलं खूप काही सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "सर, राजी सोबत राहिली असती तर मला एवढं जड गेलं नसतं." राजीनं तिला भाजी वाढली. तिच्या ताटात भाजी होती.

विचारलं नाही. शरणम्मानं सांगितलं होतं, विचारू नका.

शुक्रवार, १७ ऑगस्ट

एकटाच गेलो. इथल्या व्हॅनवर रंगीत पट्टा असतो, हिरव्या पट्ट्याची धरायची, एवढं पाठ केलं होतं. कॉलेज चार मजली आहे. खिडकीवरच्या बाईला नाव सांगितलं, वडील म्हणून पासपोर्ट दाखवला. तिनं दोनदा पाहिलं. मग आत जाऊन कुणाला तरी घेऊन आली. ते म्हणाले, तुमच्या मुलीनं गेल्या वर्षी मे महिन्यात नाव काढलं. तुम्हाला माहीत असेल असं आम्हाला वाटलं.

मी म्हटलं, हो, माहीत आहे. आभार मानले.

परत आलो तेव्हा आजींनी दालपुरी वाढली. रुमालाएवढी, आत भरडलेल्या डाळीचा कोरडा भुगा, जिऱ्याचा वास. बरोबर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्याला चोखा म्हणतात. चव लागली नाही असं लिहायला पाहिजे. पण लागली.

शनिवार, १८ ऑगस्ट

बोललो. म्हणजे मीच बोललो.

तिनं काही लपवलं नाही. पहिल्या सहामाहीत कशीबशी पास झाली. दुसऱ्या सहामाहीत वर्गात बसलं की हातपाय गार पडायचे. सुट्टीच्या दिवशी आजींबरोबर बाजाराला, देवळाला जायला लागली, म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून घ्यायला लागली. इथं पर्यटनाचा एक दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला नाव घातलं. शिकता शिकता प्रवाशांना बेट दाखवते. शिष्यवृत्ती वगैरे काही नाही, तो तिचा पगार आहे.

मी काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. एवढं लिहितो. मी म्हटलं, "लोकांना देवळं न् रोट्या दाखवायला तुला सातासमुद्रापार पाठवलं का?" आजी खालून वर आल्या. मी त्यांच्यासमोरही बोलत राहिलो. त्यांना मराठी कळत नाही, पण त्या राजीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

राजी रडली नाही. तिनं रडावं असं मला वाटत होतं.

सोमवार, २० ऑगस्ट

काल तिला एक गट होता, सकाळीच गेली. आज पण गेली. माझ्यासाठी फराळ झाकून ठेवला होता, म्हणजे सोमवार लक्षात होता. तिकीट अलीकडचं मिळतं का पाहिलं. मिळत नाही. अंगणात चालतो. फाटकापासून विहिरीपर्यंत बेचाळीस पावलं. शरणम्माला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. क्लासमधून निरोप आला, सर, पालकमेळाव्यात तुमच्या मुलीचा व्हिडिओ कॉल लावू या का? उत्तर दिलं नाही.

बारा दिवस झाले या घरात, अजून पाय जमिनीवर ठरत नाहीत. वाटतं, काहीतरी व्हायचं राहिलंय.

मंगळवार, २१ ऑगस्ट

झोप येत नाही. म्हणून लिहितो.

संध्याकाळी साडेपाचला मी वर खोलीत खाटेवर बसलो होतो. राजी नुकतीच कामावरून आली होती, खाली आजींना कणीक मळू लागत होती. आधी कपाटातले हँगर वाजले. मग आवाज आला. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नाही, कारण त्या रात्री मी गावात नव्हतो. पण ओळखला. खांब कुरकुरायला लागले, भिंतीवरचा देव्हारा सरकला, सगळं घर पाळण्यासारखं हलायला लागलं.

मी उठलो नाही. मला दार दिसत होतं. गेल्या पंचवीस वर्षांत मी प्रत्येक घरात दार बघून ठेवलं, आणि आज दार समोर असून उठता येईना.

खाली होती ती, अंगणात दोन पावलांत गेली असती. ती वर आली. हलत्या जिन्यावरून, कणकेच्या हातांनी. मी तिला काय म्हणालो? म्हणालो, "काही होत नाही. बस इथं." माझ्याच तोंडून निघालं.

ती म्हणाली, "अप्पा, उठा. आत्ता माझं ऐका."

दंडाला धरून तिनं मला ओढलं. अकरा पायऱ्या मी कशा उतरलो माहीत नाही. अंगणात आजी आंब्याच्या बुंध्याला मिठी मारून बसल्या होत्या. नारळाची झाडं वारा नसताना डुलत होती. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एकदम केकाटत होत्या. दीड मिनिट चाललं म्हणे. घर पडलं नाही. जिन्याजवळ एक चीर गेली, दुकानातल्या बरण्या फुटल्या, एवढंच. बेटावर कुणी दगावलं नाही, असं रेडिओवर सांगितलं.

मी गवतावर बसून ओकलो. मग मी बोलायला लागलो. थांबताच येईना.

राजीला एवढं माहीत होतं की तिचे आजीआजोबा आणि आत्या भूकंपात गेले. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, शरणम्मालाही नाही. मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधी, ब्याण्णव सालापासूनच आमच्या किल्लारीकडच्या गावांत जमीन गुरगुरत होती. छोटे धक्के यायचे, भांडी वाजायची. गावातली माणसं घाबरून शेतात, छपराखाली झोपायला लागली होती. आमची पण. मी लातूरला बी.एस्सी.ला होतो. दिवाळीला गेलो तर अण्णा, अव्वा, धाकटी बहीण गुरम्मा, सगळे थंडीत शेतात. मला हसू आलं. मी पुस्तक नेलं होतं. त्यात लिहिलं होतं की दख्खनचं पठार कठीण, स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही. मी आख्ख्या गल्लीला समजावून सांगितलं. अण्णांना शिकलेल्या पोराचा अभिमान होता. ते म्हणाले, पोरगा म्हणतोय तर जाऊ घरात. गुरम्मा पंधरा वर्षांची होती. ती तेवढी म्हणाली, "दादा, मला भीती वाटते. आपण इथंच झोपू की." मी तिला म्हटलं, काही होत नाही. जुलैत पुढच्या बाकावरच्या त्या मुलीनं मान वर केली तेव्हा मला हीच नजर दिसली होती.

ते घरात झोपायला लागले. पुढच्या सप्टेंबरात, गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या पहाटे, दगडमातीचं घर तिघांवर आलं. मी लातूरला होस्टेलच्या गच्चीवर होतो. दुपारी गावात पोचलो तेव्हा गल्ली कुठली तेच कळत नव्हतं.

राजीनं सगळं ऐकून घेतलं. हाताची कणीक वाळली होती, ती नखानं काढत होती. मग म्हणाली, "बारावीनंतर मी तुम्हाला म्हणाले होते, मला मेडिकल नको. पुन्हा दुसऱ्या रिपीटच्या वेळी म्हणाले होते."

"हो."

"तेव्हा ऐकू आलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "आलं होतं."

ती उठली नाही. तिथंच बसून राहिली. मीही.

बुधवार, २२ ऑगस्ट

सकाळी साडेनवाच्या सुमाराला पुन्हा एक धक्का आला, लहान. या वेळी मीच आजींचा हात धरून बाहेर आलो. आजी म्हणाल्या त्यातला 'बेटा' एवढा शब्द कळला.

शरणम्माशी बोललो. भूकंपाचं सांगितलं, ती घाबरली, मग राजीचं सांगायला लागलो. ती म्हणाली, मला दिवाळीपासून माहीत आहे. विचारलं, मला का नाही सांगितलं?  ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही मला समजावून सांगितलं असतं."

गुरम्माचंही तिला सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. पण घरी गेल्यावर पुन्हा तोंडून निघालं नसतं.

राजीशी सगळं नीट झालं असं नाही. संध्याकाळी काचा गोळा करताना ती एकदम म्हणाली की रिपीटच्या दोन वर्षांत तुम्ही मला एकदाही राजी म्हणून हाक मारली नाही, राजकन्या म्हणायचात, हजेरीसारखं. मला आठवत नाही. तिला आठवतं.

शनिवार, २५ ऑगस्ट

तिला विचारलं, तुझ्या गटात जागा आहे का? तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, मागची सीट आहे, पण ऊन लागेल.

बाराजण होते. कॅनडाचे, बार्बाडोसचे, एक जोडपं गयानाचं. मी मागं बसलो. ती पुढं माईक घेऊन उभी. बंद पडलेला साखर कारखाना दाखवला, धुराडं अजून आहे, आत गवत वाढलंय. आमच्या मराठवाड्यातले काही कारखाने असेच झालेत, हे मनात आलं. कारखाना बंद झाला त्या दिवशी उसाची शेवटची बैलगाडी हाकणाऱ्या म्हाताऱ्याकडं तिनं आम्हाला नेलं. त्यानं उसाचे करवे सोलून दिले. राजी त्याच्याजवळ ओट्यावर बसली आणि तो बोलायला लागला. ती मधे एक शब्द बोलली नाही. तो थांबला, बराच वेळ थांबला, बार्बाडोसचा माणूस चुळबुळायला लागला, मीसुद्धा. तिनं कुणालाच घाई केली नाही. मग म्हाताऱ्यानं आपल्या बैलांची नावं सांगितली.  ती नावं त्याच्या मुलांनासुद्धा माहीत नव्हती.

मी बावीस वर्षांत हजारो पोरांना प्रश्न विचारले. उत्तर यायच्या आत पुढचा बाक.

परतताना गयानाच्या बाईनं मला विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी म्हटलं, गाईडचा बाप आहे. तिनं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजीनं आरशातून मागं पाहिलं आणि माईकवरून म्हणाली की पुढचा थांबा दहा मिनिटांचा आहे, कुणी हरवू नका.

बुधवार, २९ ऑगस्ट. लंडन, विमानतळ

पाच तास काढायचेत. एका जागी बसवत नाही. निघताना तिथल्या विमानतळावर राजीनं वाकून नमस्कार केला तेव्हा म्हटलं, डिसेंबरात ये. ती म्हणाली, बघते. पूर्वी 'नक्की' म्हणायची आणि यायची नाही. 'बघते' बरं वाटलं.

मंगळवार, ४ सप्टेंबर. लातूर

आज क्लासला गेलो. स्टाफरूममध्ये विचारलं, डॉक्टरीणबाई कशा आहेत? सांगून टाकलं. मेडिकल सोडलं, पर्यटनाचा कोर्स करते, लोकांना बेट दाखवते, फार छान दाखवते.  संचालकांनी बाजूला घेऊन सांगितलं, सर, पालकांपुढं हे नको. मी म्हटलं, कुणी विचारलं तर सांगणार. त्यांनी मला आठवडाभर शिकवण्याऐवजी प्रवेशाच्या टेबलावर बसवलं.

दुपारी नांदेडचे मकसूदभाई आले, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं. बरोबर मुलगी जिक्रा. यंदा नीटला थोडक्यात राहिली. मकसूदभाई बसता बसताच म्हणाले, "सर, लई आस घेऊन आलोय. तुमीच समजावा हिला. तुमचं ऐकल ती."

मला वाटलं, झालं. हेच. पोर मान खाली घालून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी सगळं समजलो. काय बोलायचं तेही मनात तयार झालं, की भाई, पोरीवर जबरदस्ती करू नका, हिला घरी न्या, हिला काय आवडतं ते करू द्या. माझंच उदाहरण द्यायचं होतं. तोंड उघडलं होतं.

पण तो म्हातारा डोळ्यांपुढं आला, बैलांची नावं सांगायच्या आधीचा.

मकसूदभाईंना म्हटलं, तुम्ही बाहेर चहा घेऊन या. ते घोटाळले, पण गेले. जिक्राला म्हटलं, बेटा, तुला काय वाटतं ते सांग. ती बोलली नाही. मी खडू, पेन, काहीच हातात घेतलं नाही. बाहेर तासाची घंटा झाली, पोरं जिन्यावरून धावली, शांत झालं. मला दोनदा बोलावंसं वाटलं. घड्याळात सात मिनिटं गेली.

मग ती म्हणाली, "सर, मला डॉक्टरच व्हायचंय. अब्बा म्हणून राहिलेत की बस झालं, तब्येत खराब करून घेतलीस, घरी चल. तुम्ही सांगितलं तर मी घरी जाईन असं त्यांना वाटतंय. माझं कुणी ऐकून नाही राहिलं."

मी तयार ठेवलेलं वाक्य गिळलं. उठून दार उघडलं आणि मकसूदभाईंना आत बोलावलं. ते हातात चहाचा कप तसाच घेऊन आले. त्यांना खुर्ची दिली.

जिक्राला म्हटलं, "आत्ता मला सांगितलंस तेच यांना सांग. मी गप्प बसतो."